कोंढाण्यावरचा उजेड

(वरळीच्या बीडीडी चाळीत झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आज विषय सिनेमाचा आहे म्हणून खुर्च्या कमी पडल्या, हे आम्हाला दिसतंय. मागे कांटवर बोललो होतो तेव्हा खुर्च्या उरल्या होत्या. (हशा) असो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने युद्धपटावर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्याचं कारण याच चाळीत घडलेलं आहे. ते आधी सांगतो.

जानेवारी २०२०. ‘तान्हाजी: द अनसंग वॉरियर’ लागला होता. आमच्या मजल्यावरची पाच-सहा मुलं लोअर परळच्या मॉलमध्ये जाऊन, थ्रीडीचे चष्मे लावून तो बघून आली. ज्या फिनिक्स मिलच्या जागेवर तो मॉल उभा आहे, तिथे यांच्यातल्या एकदोघांचे आजोबा कामाला होते. आता नातू तिकीट काढून आत जातात. तो वेगळा इतिहास, आजचा विषय नाही. तर मुलं रात्री अकराला परत आली ती घोषणा देतच. आम्ही पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसलो होतो. एकाने विचारलं, ‘‘सर, हे सगळं खरं आहे ना?’’ आम्ही म्हणालो, ‘‘खरं आहे रे, थोडं वाढवलंय इतकंच.’’ मुलं खूश होऊन झोपायला गेली.

हे उत्तर चुकलं होतं. तेव्हापासून ते आम्हाला टोचतंय. ‘वाढवलंय’ म्हणजे वस्तू तीच, फक्त आकार मोठा, असा अर्थ होतो. पेढा मोठा केला तरी पेढाच राहतो. पण काही वस्तू अशा असतात की त्या मोठ्या केल्या की त्या उरतच नाहीत. कुजबुज मोठ्याने केली तर ती मोठी कुजबुज होत नाही, ती आरोळी होते. कोंढाण्याची मोहीम त्या जातीची आहे, असं आम्हाला म्हणायचंय.

आता मोहीम काय होती ते बघू. १६६५ला पुरंदरचा तह झाला, मिर्झाराजे जयसिंगांबरोबर. २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा. पुढे आग्रा, तिथून सुटका, मग काही वर्षं शांतता आणि १६७०च्या सुरुवातीला तह मोडला. गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली ती कोंढाण्यापासून. तारीख ४ फेब्रुवारी १६७०, तिथी माघ वद्य नवमी. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे आधीची सगळी रात्र काळोखी.

या रात्रीचं जुनं वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. ती जिंजीला, राजाराम महाराजांच्या काळात, १६९०च्या दशकात लिहिली गेली. म्हणजे घटनेनंतर पंचवीस-सत्तावीस वर्षांनी. बखरीतही अतिशयोक्ती असते, आम्ही तिला पंचनामा समजत नाही. पण त्या एवढ्याशा मजकुरात काय काय आहे बघा. तानाजी ५०० माणसं घेऊन गडाखाली येतो. त्यांतली दोन, फक्त दोन, निवडून कड्यावर चढवतो. ते वर पोचल्यावर माळ सोडली जाते आणि तिच्यावरून ३०० जण वर जातात. मग गडावरच्या लोकांना सुगावा लागतो. उदेभान राजपूत, त्याची १२०० माणसं, हिलाल पेटवून, चंद्रज्योती लावून चालून येतात. हातघाई होते. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डाव्या हातावर वार झेलत लढतो. दोघेही एकमेकांच्या हातून मरतात. मग सूर्याजी, तानाजीचा भाऊ, लोक सावरतो आणि गड घेतो. शेवटी पागेच्या खणांना आग लावतात. तो उजेड राजगडावरून महाराज बघतात आणि गड घेतला हे ओळखतात. तानाजी पडल्याची बातमी मात्र दुसऱ्या दिवशी येते.

आता यातला उजेड कुठे कुठे आहे तो मोजा. एक उजेड हिलालांचा. तो कुणाचा? गड राखणाऱ्यांचा. चढणाऱ्यांचं सगळं बळ काळोखात होतं, त्यांचा उजेड शेवटी, एकदाच, आणि तोही निरोप म्हणून. सभासदाला सिनेमा माहीत नव्हता, पण कुठे उजेड करायचा आणि कुठे नाही हे त्याला पक्कं माहीत होतं.

आमच्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. डिसेंबर १९७१. आम्ही कॉलेजात होतो. मुंबईत ब्लॅकआउट. चाळीच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, आणि ऐंशीच्या ऐंशी खोल्यांत काळोख. आमच्या मजल्यावर महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक काका होते. कुणी पॅसेजमध्ये विडी पेटवली तरी ते अंगावर धावून यायचे. आम्ही त्यांना लढाईच्या गोष्टी विचारायचो; ते फार सांगत नसत. एकदा म्हणाले, ‘‘लढाई म्हणजे काय रे, वाट बघणं. लघवी आली तरी हलायचं नाही.’’ आम्हा पोरांचा फारच विरस झाला. वीर पुरुष आणि लघवी! (हशा) आता वाटतं, युद्धाबद्दल याहून तंतोतंत वाक्य आम्ही पुस्तकातसुद्धा फार वाचलं नाही.

आता सिनेमाकडे येऊ. दिग्दर्शक ओम राऊत. त्याआधी त्यांनी मराठीत ‘लोकमान्य: एक युगपुरुष’ केला होता, म्हणजे गृहस्थ इतिहासाला नवखे नाहीत. निर्मितीत अजय देवगण स्वतः, तानाजीही तेच. खर्च दीडशे कोटींच्या घरात गेल्याचं तेव्हा छापून आलं होतं, आणि कमाई त्याच्या दुपटीहून जास्त झाली. देवगणांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आम्ही चित्रपट दोनदा बघितला. एकदा मुलांच्या त्या प्रश्नानंतर, आणि आता या व्याख्यानासाठी. कंटाळा आला नाही, हे आधीच कबूल करतो. शरद केळकरांचे महाराज फार संयमित आहेत. आवाज चढवायची सोय असताना त्यांनी तो चढवलेला नाही. काजोलची सावित्रीबाई पडद्यावर थोडा वेळ आहे, पण तेवढ्यात घर उभं राहतं.

पण दीडशे कोटींचं स्वतःचं एक तर्कशास्त्र असतं आणि ते दिग्दर्शकाहून बलवान असतं. एवढा पैसा परत यायचा तर मोठा नट हवा. मोठा नट घेतला की त्याचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून काळोख गेला. मोठ्या नटासमोर तोडीचा नट हवा, म्हणून सैफ अली खान. दोघे आले की त्यांची शेवटच्या रात्रीच्या आधीच गाठ पडली पाहिजे. नाहीतर पैसे वाया. म्हणून तानाजी वेष पालटून उदेभानासमोर जातो आणि नाचतो. गुपचूप जाणं हा ज्या मोहिमेचा प्राण, तिचा सरदार आधी शत्रूसमोर ढोलताशात नाचून येतो! आणि थ्रीडीत दोन माणसं कड्याला पालीसारखी चिकटलेली दाखवून भागत नाही, काहीतरी प्रचंड हवं. म्हणून ती ‘नागीण’ तोफ.

या नागिणीवर थोडं थांबू, कारण सगळा घोळ तिच्यात आहे. सिनेमात औरंगजेब उदेभानाबरोबर ही अजस्र तोफ कोंढाण्याकडे पाठवतो आणि तिचा रोख राजगडावर असतो. कोंढाणा ते राजगड हवाई अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. त्या काळातल्या तोफांचा पल्ला दोन-तीन किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. पण आम्ही मापाची चूक काढत नाही. कल्पित गोष्टीला मापं लावू नयेत. आमचा प्रश्न असा की तोफ कशाला लागली? उत्तर असं, की तोफ नसती तर कोंढाणा का घ्यायचा हे प्रेक्षकाला कळणार नाही, अशी बनवणाऱ्यांना भीती होती. पुण्याच्या उशाला असलेला किल्ला दुसऱ्याच्या हातात आहे, उठलं की तो दिसतो, अपमान रोजचा आहे, तह मोडायचा तर पहिला घाव इथेच घातला पाहिजे. हे राजकीय कारण होतं आणि ते माणसाला समजण्यासारखं आहे. त्याच्या जागी तोफ आली आणि कारणाचं रूपांतर धोक्यात झालं. महाराज विचार करून एक निर्णय घेतात, त्याऐवजी आता त्यांच्यावर संकट येतं आणि ते निवारावं लागतं. निर्णय घेणारा माणूस आणि संकटातून सुटणारा माणूस, यांत फार अंतर आहे. शिवाजी महाराजांची थोरवी पहिल्यात आहे. तोफेने त्यांची उंची वाढली नाही, कमी झाली. महाराजांच्या नावाने गल्ला जमवणारे चित्रपट बघताना हे कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलतोय.

उदेभानाचंही तसंच. पडद्यावर तो काळ्या कपड्यांत, मगरीचं मांस खाणारा, विकृत हसणारा. ‘पद्मावत’मधला खिलजी दोन वर्षांपूर्वी लोकांना आवडला होता, त्याचा हा चुलतभाऊ. सैफ यांनी काम मजेत केलंय. पुढे त्यांनीच एका मुलाखतीत, हा काही इतिहास नव्हे अशा अर्थाचं बोलून गहजब ओढवून घेतला. बिचाऱ्यांनी खरं तेच सांगितलं. आता सभासद बघा. तो मराठ्यांच्या दरबारातला माणूस, औरंगजेबाशी युद्ध चालूच असताना जिंजीत बसून लिहितोय, शत्रूबद्दल वाईट लिहायला त्याला पूर्ण मोकळीक होती. तरी तो तानाजी आणि उदेभान दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो. उदेभान राजपूत होता, हिंदू होता, मोगलांची चाकरी करत होता आणि तिच्याशी इमान राखून मेला. जयसिंगांसारखे कितीतरी तसे होते. हे गुंतागुंतीचं आहे खरं, पण ते टाळून राक्षस उभा केला की तानाजीला काय उरतं? राक्षसाला मारायला अवतार लागतो. तानाजी माणूस होता, घरी लग्नाची गडबड टाकून आलेला.

इथे कुणी म्हणेल, सर, जुन्या लोकांनी काय कमी कल्पना लढवल्या? बरोबर आहे. यशवंती घोरपड पोवाड्यातली आहे, सभासदात नाही. उदेभानाच्या तावडीतली कमलकुमारी हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३च्या कादंबरीतली. ओम राऊत यांच्या सिनेमातली कमल तिच्याच वळणाची. सिंहगड हे नाव तानाजीवरून पडलं असं आपण शाळेत शिकलो, पण १६७०च्या आधीच्या कागदांतही ते नाव सापडतं. सिनेमावाल्यांनी तर हा विषय बोलपटाच्या आधीच उचलला होता. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ केला, मूकपट. दहा वर्षांनी प्रभातसाठी शांतारामबापूंनी त्याच नावाचा बोलपट केला. पेंटरांचा ‘सिंहगड’ ज्या सुमारास आला त्याच सुमारास, गंमत बघा, सर जॉर्ज लॉइड यांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने आपल्या या चाळी बांधायला घेतल्या होत्या. आणि पेंटरांच्या त्या चित्रपटाचं नाव आजही कशासाठी घेतात? रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी दिव्यांचा कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे जे प्रयोग, त्यांत त्याची गणना होते. त्यांना उजेड आणावा लागला तो रात्र दाखवण्यासाठी. आता उजेड एवढा मुबलक आहे की रात्र दिसेनाशी झाली.

कल्पनेवर आमचा आक्षेप नाही. घोरपड ही फार सुंदर कल्पना आहे. का? कारण ती मोहिमेच्या आतल्या अडचणीतून निघते. कडा सरळ आहे, दोर वर कसा न्यायचा, हा प्रश्न आहे, आणि शाहिराने त्याला एक जनावर दिलं. लहान, मुकं, चिकटून राहणारं. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो की ती धरेल की सुटेल. नागीण अडचणीतून निघालेली नाही, ती बजेटातून निघालेली आहे. कल्पित म्हणून दोन्ही सारख्या. पण एक घटनेच्या जवळ नेते, दुसरी लांब.

अजून एक शब्द राहिला. या चित्रपटाच्या जाहिरातीत ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्रीला मोगल साम्राज्य हादरवणारा ‘सर्जिकल स्ट्राइक’ म्हटलं होतं. बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी २०१९मध्ये ‘उरी’ आला होता, सप्टेंबर २०१६च्या कारवाईवरचा, आणि तो तुफान चालला होता. तेव्हा शब्द बाजारात तयार होता. ‘उरी’चं बजेट तुलनेने बरंच लहान, त्यातली रात्र तरी बरीचशी रात्र आहे, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण शब्दाचा अर्थ काय? जायचं, मारायचं, परत यायचं. तानाजी परत येण्यासाठी गेलाच नव्हता. गड घ्यायचा आणि ठेवायचा, ही कामगिरी होती. म्हणजे लष्करी अर्थानेसुद्धा शब्द चुकीचा. आणि ‘सर्जिकल’ म्हटलं की डोळ्यांसमोर स्वच्छ खोली येते, हातमोजे येतात, नेमका काप येतो. सभासदाच्या हिशोबाने त्या रात्री ५०० राजपूत पडले, आपला सरदार पडला. त्यात नेमकं, स्वच्छ काही नव्हतं. हा शब्द मुलांच्या तोंडी बसला की त्यांना युद्ध स्वस्त वाटायला लागतं. आमच्या मजल्यावरच्या त्या मुलांपैकी एक जण आता सैन्यात आहे. त्याची आई समोरच बसली आहे, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

आम्हाला कुणी म्हणतं, सिनेमावर टीका म्हणजे महाराजांचा अपमान. आम्ही इतकंच विचारतो, की दीडशे कोटींचा सिनेमा आणि महाराज ही एकच वस्तू कधीपासून झाली? चाळीत लहानपणी गणपतीत पडदा लावून ‘हकीकत’ दाखवला होता, १९६२च्या युद्धावरचा, चेतन आनंदांचा. पराभवाचा सिनेमा. थंडी, चालणं, माघार, दारूगोळा संपणं. मध्येच आमचे ते रेजिमेंटवाले काका उठून पाणी भरायला गेले, मग परत आलेच नाहीत. तो सिनेमा बघून कुणी घोषणा दिल्या नव्हत्या. पण सैनिकाचा मान त्यामुळे कमी झाला असं या चाळीत कुणाला वाटलं नव्हतं.

मराठीत अलीकडे ‘पावनखिंड’ आला, दिग्पाल लांजेकरांचा, २०२२. त्याच्याकडे एवढा पैसा नव्हता. सगळे जण सारखे टाळ्यांची वाक्यं फेकतात, हा त्याचा मोठा दोष; कानाला विश्रांती नाही. पण बाजीप्रभूंच्या भोवती फुलाजी आहेत, रायाजी बांदल आहेत, शिवा काशीद आहे, आणि बांदलांची माणसं ही गर्दी न राहता माणसं राहतात. ‘तान्हाजी’मध्ये ते ३०० कोण? इतिहासात बहुतेकांची नावं नाहीत, हे खरं. पण नाव नसणं आणि चेहरा नसणं वेगळं. तानाजी ‘अनसंग’ असं शीर्षक म्हणतं. ज्याच्यावर पोवाडा आहे, कादंबरी आहे, दोन जुने सिनेमे आहेत, शाळेचा धडा आहे, तो कसला अनसंग? अनसंग ते वर चढलेले पहिले दोघं. गिरणीत, पोलिसांत, पलटणीत जन्म काढलेल्यांच्या या १२१ चाळींत हे फार समजावून सांगायला नको. २०२५च्या ऑगस्टमध्ये यातल्या ५५६ घरांना टॉवरच्या चाव्या मिळाल्या, उरलेल्यांनाही मिळतील. तेव्हा उद्घाटनाच्या पाटीवर कुणाची नावं असतात ते तुम्ही बघितलंच आहे. (हशा)

एवढंच बोलायचं होतं. प्रश्न असेल तर घेऊ.

(श्रोत्यांतून एक ताई: ‘‘सर, मग तुम्ही असता तर शेवट कसा दाखवला असता?’’)

ताई, आम्हाला कुणी कॅमेरा देणार नाही, म्हणून बिनधास्त सांगतो. आम्ही शेवटी कोंढाण्यावर गेलोच नसतो. राजगडावर थांबलो असतो. थंडीचे दिवस, रात्र, महाराज आणि दोन-चार माणसं. वारा. कुणी बोलत नाही. बोलण्यासारखं काही नाहीच, काय झालं हे कुणाला माहीत नाही. बराच वेळ पडदा काळा. मग लांब, पंधरा किलोमीटरवर, सुपारीएवढा एक ठिपका तांबडा होतो. पागा पेटली. माणसं ओरडतात, मिठ्या मारतात. महाराजांना तेवढंच कळलेलं असतं, गड आला. जासूद अजून वाटेत आहे. आम्ही त्याला पोचू दिलं नसतं.

याला खर्च किती येईल, ते तुम्हीच बघा.